मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर एक, वेळ मात्र दोन

मुलीकडे न्यू जर्सीला निघालेल्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर त्यांनी शोधले, ते सुमारे 12,550 किलोमीटर निघाले. विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटर धरून भागाकार केला, तर चौदा तास आले. थेट विमानाच्या तिकिटावर मात्र जाण्यासाठी 16 तास 10 मिनिटे आणि परतीसाठी 14 तास 40 मिनिटे छापलेली आहेत. हिशेब कुठे चुकला, आणि जाण्यायेण्यात दीड तासाचा फरक का, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

हिशेबही चुकलेला नाही आणि तिकीटही चुकलेले नाही. सव्वीस वर्षे मी लांब पल्ल्याच्या उड्डाणांची आखणी करीत होतो. आमच्या धंद्यात या कामाला डिस्पॅच म्हणतात. विमान कोणत्या मार्गाने, किती उंचीवरून आणि किती इंधन घेऊन जाईल, हे उड्डाणाच्या काही तास आधी कागदावर उतरवणे आणि त्या कागदावर कप्तानाबरोबर स्वतःही सही करणे, हे ते काम. त्या खुर्चीवरून पाहिले की जमिनीवरच्या किलोमीटरचे महत्त्व बरेच कमी होते, कारण विमान जमिनीवरून धावत नाही, ते हवेतून जाते आणि ती हवा स्वतः वाहत असते.

तरीही सुरुवात अंतरापासूनच करू. 12,550 किलोमीटर म्हणजे मुंबईच्या विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळापर्यंत पृथ्वीच्या पृष्ठावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर. आम्ही ते सागरी मैलांत मोजतो. एक सागरी मैल 1.852 किलोमीटरचा, म्हणून हे अंतर साधारण 6,777 सागरी मैल होते. शालेय भूगोलात ज्याला बृहत् वृत्त म्हणतात, त्याच्या कंसावरून हे अंतर धरलेले असते. घरी पृथ्वीगोल असेल तर या दोन शहरांवर दोऱ्याची टोके धरून दोरा ताणून पाहावा. तो अरबस्तानावरून पश्चिमेला जाणार नाही, तर मुंबईहून निघताना उत्तरेकडे झुकेल आणि पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान यांवरून मॉस्को आणि हेलसिंकीच्या आसपास पोहोचेल. पुढे नॉर्वे, आइसलँडचा दक्षिण भाग आणि ग्रीनलँडचे दक्षिण टोक गाठून लॅब्राडॉर आणि मेन राज्यावरून तो न्यूयॉर्कला उतरेल. मुंबई 19 अंश उत्तरेला आणि न्यूयॉर्क जेमतेम 41 अंश उत्तरेला असूनही वाटेत हा मार्ग जवळजवळ 65 अंशांपर्यंत वर चढतो. भिंतीवरच्या सपाट नकाशात याच दोन शहरांमध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती सहारा वाळवंटावरून जाते आणि तिची खरी लांबी सुमारे 14,200 किलोमीटर भरते. जागेवरच्या पडद्यावर विमान ‘वाकडे’ जाताना दिसते, असे प्रवासी नेहमी सांगतात. प्रत्यक्षात वाकडा असतो तो नकाशा.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या भागात जाणाऱ्यांना नुअर्क हा विमानतळ जवळ पडतो. तो केनेडीपासून हवाई रेषेत तीसेक किलोमीटरच दूर आहे. मुंबईपासूनच्या अंतरात त्यामुळे पडणारा फरक किरकोळ आहे. उतरल्यानंतरच्या रस्त्याच्या प्रवासात मात्र तो चांगलाच जाणवतो.

आता वेग. लांब पल्ल्याची मोठी विमाने साधारणपणे ध्वनीच्या वेगाच्या 0.84 ते 0.85 पट वेगाने जातात. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे 56 अंशांच्या आसपास असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे 1,062 किलोमीटर असतो, त्याचा 0.84 पट काढला की ताशी 892 किलोमीटर येतात. म्हणजे प्रश्नकर्त्यांनी धरलेला 900 हा आकडा अगदी योग्य आहे. फक्त तो हवेच्या सापेक्ष वेग आहे, जमिनीच्या सापेक्ष नव्हे. साऱ्या उत्तराची किल्ली याच वाक्यात असल्याने वाऱ्याकडे मी सविस्तर वळणारच आहे, पण त्याआधी मार्गाचा प्रश्न निकालात काढला पाहिजे.

गोलावर ताणलेल्या दोऱ्यावरून विमान क्वचितच जाऊ शकते, कारण तो दोरा कोणाच्या आकाशातून जातो हेही पाहावे लागते. 2019 मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानचे आकाश फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत मिटलेले होते. पहलगामच्या हल्ल्यानंतर 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना पुन्हा दार बंद केले आणि त्या बंदीची मुदत पुढे महिन्यामहिन्याने वाढवत नेली. अफगाणिस्तानात ऑगस्ट 2021 मध्ये हवाई वाहतूक नियंत्रणाची सेवा कोलमडली. अमेरिकी कंपन्यांना 2022 पासून रशियाच्या आकाशात प्रवेश नाही, भारतीय कंपन्यांना आहे. त्यामुळे एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, दोन कंपन्यांची विमाने दोन वेगळ्या वाटांनी गेली तर त्यात नवल नाही.

पाकिस्तान टाळायचा झाला तर मुंबईहून निघालेले विमान अरबी समुद्र ओलांडून ओमानच्या बाजूने इराण, तुर्कस्तान आणि युरोप असे जाते. मुंबई–मस्कत आणि मस्कत–न्यूयॉर्क असे दोन तुकडे जोडून पाहिले तर बेरीज 12,900 किलोमीटरच्या आसपास येते. म्हणजे फेरा पडतो तो साडेतीनशे किलोमीटरचा, पंचवीस मिनिटांचा. मुंबई समुद्रकाठी असल्याचा हा फायदा आहे, तो दिल्लीला मिळत नाही. तिथून पश्चिमेला निघालेल्या विमानाला आधी दक्षिणेकडे उतरून मगच वळावे लागते. पण जून 2025 मध्ये इराणचेही आकाश बंद झाले, तेव्हा मुंबईच्या विमानांनाही सौदी अरेबिया आणि इजिप्तवरून भूमध्य समुद्र गाठण्याची वाट उरली. कैरोवरून मोजले तर एकूण अंतर साधारण 13,400 किलोमीटर होते. शिवाय हवाई मार्गांची वळणे, लष्करी क्षेत्रे, विमानतळाजवळ धावपट्टीच्या दिशेशी जुळवून घेण्यासाठी घ्यावे लागणारे फेरे हे सगळे असतेच. या उत्तरापुरता मी प्रत्यक्ष मार्ग 13,200 किलोमीटरचा धरतो.

आता वारा. आपल्या अक्षांशांच्या उत्तरेला, विमाने ज्या उंचीवरून उडतात जवळजवळ त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्यांचे अरुंद, वेगवान पट्टे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक जोरकस होतात आणि त्यांच्या गाभ्यात ताशी 200 ते 300 किलोमीटरचे वारे मिळणे ही विशेष गोष्ट नाही. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते, पण आपला अहवाल जगाने वाचावा म्हणून त्यांनी तो एस्परांतो या कृत्रिम भाषेत छापला आणि त्यामुळे तो फारच थोड्यांनी वाचला. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या बॉम्बफेकी विमानांना हा वारा जपानवर आडवा आला, तेव्हा बाकीच्यांना त्याची ओळख पटली.

मार्गभर या वाऱ्याची सरासरी काढली तर तो आकडा तितका मोठा येत नाही, कारण विमान सतत प्रवाहाच्या गाभ्यात नसते आणि वाराही दर ठिकाणी नेमका समोरून येत नसतो. आपण मुंबई–न्यूयॉर्कसाठी सरासरी ताशी 50 किलोमीटर धरू. जाताना जमिनीवरचा वेग 892 वजा 50, म्हणजे 842 होतो; 13,200 ला 842 ने भागले की 15 तास 40 मिनिटे. येताना तो 942 होतो आणि वेळ बरोबर 14 तास. जमिनीवरून मोजलेली वाट तीच, पण जाताना विमानाने जवळजवळ 14,000 किलोमीटर हवा कापली आणि येताना 12,500. उड्डाणाच्या आराखड्यात हवेतल्या अंतराचा हा आकडा आम्ही स्वतंत्र मांडतो, आणि इंधन त्याच आकड्यावर ठरते. परतीचे हवेतले अंतर गोलावरच्या किमान अंतरापेक्षाही थोडे कमी भरले आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल. त्यात गणिती चूक नाही. उरलेली वाट वाऱ्याने स्वतः वाहून नेली.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही मी ऐकला आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे न्यूयॉर्क स्वतःच सरकत यायला हवे, मग जाताना वेळ कमी का लागत नाही, असे विचारले जाते. विमान उडण्यापूर्वी मुंबईच्या जमिनीबरोबर फिरतच असते आणि हवाही पृथ्वीबरोबर फिरते, त्यामुळे या फिरण्याचा थेट फायदा किंवा तोटा कोणालाच होत नाही. तसे असते तर हेलिकॉप्टर जागच्या जागी तासभर वर धरून दादरहून कुठेतरी अरबी समुद्रापलीकडे उतरता आले असते. फरक पडतो तो फक्त वाऱ्याचा. अर्थात ते वारे पश्चिमेकडून का वाहतात याच्या कारणांत पृथ्वीचे परिवलन आहे, एवढाच त्याचा संबंध.

वारा अंतरावर कशी मात करतो याचे मला ठाऊक असलेले सर्वांत बोलके उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गाचे आहे. एअर इंडियाचे हे विमान सुरुवातीला पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर 2016 मध्ये कंपनीने ते उलट दिशेने, पूर्वेकडे पॅसिफिकवरून नेले. मार्ग सुमारे 15,300 किलोमीटरचा झाला, म्हणजे आधीपेक्षा साधारण 1,400 किलोमीटरने लांबला, आणि तरीही प्रवास जवळजवळ दोन तासांनी कमी झाला, कारण समोरचा वारा आता पाठीवर आला होता. दुसरे उदाहरण एका रात्रीचे आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्यांच्या जोरावर एक बोइंग 747 न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचले, आणि वाटेत त्याचा जमिनीसापेक्ष वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या पुढे गेला. ते ध्वनीपेक्षा वेगाने उडाले असे नव्हे. हवेच्या सापेक्ष त्याचा वेग नेहमीचाच होता. त्याच रात्री उलट दिशेने येणाऱ्यांचे हाल कोणी बातमीत छापले नाहीत.

मग मुंबईहून न्यूयॉर्कला पूर्वेकडून का जात नाहीत, असा पुढचा प्रश्न येतो. सॅन फ्रान्सिस्को अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, न्यूयॉर्क पूर्व किनाऱ्यावर. न्यूयॉर्कसाठी पॅसिफिकचा फेरा इतका मोठा होतो की पाठचा वारा तो भरून काढू शकत नाही.

आमच्या पश्चिम किनाऱ्यापुरता एक अपवाद सांगण्यासारखा आहे. पावसाळ्यात द्वीपकल्पावर पंधरा किलोमीटरच्या आसपास उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेला वाहणारा जेट प्रवाह असतो. त्याचा गाभा विमानांच्या वर राहतो, पण त्याचा खालचा भाग जुलै–ऑगस्टमध्ये मुंबईहून निघणाऱ्या विमानाला पहिला तासभर हलकासा ढकलतो. पुढे उत्तरेला गेल्यावर पश्चिमी वारे भेटतात ते भेटतातच. हिवाळ्यात हा दिलासाही नसतो, कारण तेव्हा पश्चिमी जेट उत्तर भारतापर्यंत खाली सरकलेला असतो. म्हणून जानेवारीतले विमान जुलैच्या मानाने अर्धा-पाऊण तास जास्त घेते, आणि कंपन्या हिवाळ्याच्या वेळापत्रकात त्याची तरतूद आधीच करून ठेवतात.

अटलांटिकवरचे मार्गही वाऱ्यावरच ठरतात. युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्यामधल्या समुद्रावर दिवसातून दोनदा मार्ग नव्याने आखले जातात: पश्चिमेला जाणाऱ्यांचे मार्ग ब्रिटनच्या बाजूचे शॅनविक हे केंद्र काढते, पूर्वेला येणाऱ्यांचे कॅनडातले गँडर. पश्चिमेला जाणारे मार्ग जेट प्रवाहाला चुकवत बऱ्याचदा वर सरकतात, तर येणारे मार्ग त्याच प्रवाहात शिरण्यासाठी खाली येतात. म्हणून जातानाच्या पडद्यावर ग्रीनलँड दिसले आणि येताना दिसले नाही, तर वैमानिक वाट चुकला असे समजू नये.

इंधनाबद्दल थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण वेळेचा काच तिथे बसतो. बोइंग 777-300 ईआर या विमानाच्या टाक्यांत सुमारे 1,45,000 किलो इंधन मावते आणि पूर्ण भरलेल्या विमानाचे उड्डाणवजन 3,51,500 किलोपर्यंत जाऊ शकते. म्हणजे कमाल वजनाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग नुसते इंधन असू शकते. जास्तीचे घेतलेले इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन जळते. दर तासाला त्याचा तीन-चार टक्के भाग जातो असा आमचा ठोकताळा असे, त्यामुळे सोळा तासांच्या उड्डाणावर एक टन जादा घेतले तर पोहोचेपर्यंत त्यातले पाचशे-सहाशे किलोच शिल्लक राहतात. विमान जड असताना फार उंच जाऊ शकत नाही, म्हणून ते आधी तीस-बत्तीस हजार फुटांवरून जाते आणि इंधन जळेल तसे टप्प्याटप्प्याने वर चढते. एका जानेवारीत अटलांटिकवरच्या वाऱ्याचा अंदाज संध्याकाळी अचानक वाढला तेव्हा आम्ही मुंबईत दोन पर्याय मांडून बसलो होतो: मालाचे काही टन उतरवायचे, किंवा युरोपात इंधनासाठी थांबायचे. माल उतरवला. प्रवाशांना त्याचा पत्ताही लागला नाही, आंब्याचा हंगाम नव्हता हे नशीब.

तिकिटावरचा वेळ हा उड्डाणाचा वेळ नसतो, ही उरलेली अर्ध्या तासाची गोष्ट. चाकांपुढचे ठोकळे काढून विमान फाटकापासून मागे ढकलले जाते तिथपासून ते दुसऱ्या टोकाला चाकांना पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा तो काळ असतो. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, चढतानाचा आणि उतरतानाचा कमी वेग, आणि उतरल्यावर फाटक मिळेपर्यंतचा खोळंबा धरलेला असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच वापर होतो आणि गर्दीच्या तासांत आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. केनेडीवर जमिनीवरची रांग प्रसिद्ध आहे. जाताना 15 तास 40 मिनिटांत तीस मिनिटे आणि येताना 14 तासांत चाळीस मिनिटे मिळवली की आपल्या तिकिटावरचे दोन्ही आकडे तयार होतात. वारा मनासारखा असला तर विमान अर्धा तास आधी पोहोचते, आणि तसे झाले की प्रवासी वैमानिकाचे कौतुक करतात. ते कौतुक बहुतांशी हवामानाचे असते.

घड्याळाचा हिशेब अंतराहून अधिक लोकांना चकवतो. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथले घड्याळ एक तास पुढे सरकवलेले असल्याने फरक साडेनऊ तासांचा होतो. विमान रात्री दीड वाजता मुंबईहून निघाले, तर 16 तास 10 मिनिटांनी आपल्याकडे संध्याकाळचे 5.40 झालेले असतील आणि तिथे हिवाळ्यात त्याच तारखेचे सकाळचे 7.10. कागदावर प्रवास साडेपाच-पावणेसहा तासांचा दिसतो. परतीला दुपारी बारा वाजता निघालेले विमान मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी 1.10 ला टेकते, आणि तो प्रवास पंचवीस तासांचा भासतो. खरा वेळ पडताळायचा असेल तर दोन्ही भासमान आकडे मिळवावेत. 5 तास 40 मिनिटे आणि 25 तास 10 मिनिटे यांची बेरीज 30 तास 50 मिनिटे होते, आणि 16.10 व 14.40 यांचीही तितकीच होते. वेळेच्या पट्ट्यांतला फरक या बेरजेत आपोआप कटतो. रात्री दीडच्या विमानाबाबत आणखी एक खबरदारी घ्यावी: तिकिटावरची 12 तारीख म्हणजे 11 तारखेच्या रात्री जेवून घरातून निघायचे असते. ही चूक करून एक दिवस उशिरा विमानतळावर आलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

थेट विमान मिळाले नाही किंवा परवडले नाही, तर मधल्या थांब्यामुळे अंतर फार वाढते असे समजू नये. मुंबई–लंडन सुमारे 7,200 आणि लंडन–न्यूयॉर्क सुमारे 5,550, म्हणजे एकूण 12,750 किलोमीटर. दुबईमार्गे 1,930 आणि 11,020 मिळून 12,950. किमान अंतरापेक्षा ही वाढ दोनशे ते चारशे किलोमीटरचीच आहे. वाढतो तो वेळ, आणि तो थांब्यावर बसण्याचा: दोन उतरणे, दोन चढणे आणि मधले दोन-चार तास धरून प्रवास वीस ते बावीस तासांचा होतो. 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा करीत गेले होते. 1960 च्या मे महिन्यात बोइंग 707 ने न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली तीही लंडनवरून. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांना चौदा तास एका जागी बसवत नाही, त्यांना मी आजही मधला थांबा सुचवतो. अबू धाबीमार्गे गेल्यास अमेरिकेची प्रवेश-तपासणी तिथेच उरकते आणि न्यूयॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता येते.

प्रश्नकर्त्यांनी थेट विमान घेतलेले आहे, त्यामुळे मुलीला विमानतळावर केव्हा यायला सांगावे एवढेच उरते. सकाळी 7.10 ही ठोकळे लागण्याची वेळ आहे; त्यानंतर प्रवेश-तपासणीची रांग, सामान आणि सीमाशुल्क यांत तास-दीड तास सहज जातो. मुलीने निघण्यापूर्वी उड्डाणाची त्या दिवशीची अपेक्षित वेळ पाहावी, विमान अटलांटिक ओलांडून कॅनडाच्या किनाऱ्यावर आले की ती वेळ सहसा पाच-दहा मिनिटांपलीकडे हलत नाही, आणि साडेआठच्या सुमारास येणाऱ्यांच्या दाराशी उभे राहावे.